दसऱ्याला घेतलेला लॅपटॉप, अकराव्या दिवशी पडद्यावर हिरवी रेघ. दुकानदार म्हणतो आता आमचा संबंध नाही

बार्शीची टायपिस्ट | २४ ऑक्टोबर २०२५

नमस्कार. मी बार्शीत टायपिंगचं काम करते. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, वकिलांचे मसुदे, ऑनलाइन फॉर्म. जुना संगणक गणपतीत कायमचा बंद पडला. दसऱ्याला, २ ऑक्टोबरला, भाच्याकडे पुण्याला गेले होते, तिथल्याच एका मोठ्या दुकानातून लॅपटॉप घेतला. किंमत ४६,५०० रुपये. त्यातले १६,५०० रोख भरले. दोन वर्षं थोडे थोडे बाजूला टाकलेले पैसे होते ते. उरलेल्या ३०,००० चे दरमहा तीन हजारांचे दहा हप्ते, पहिला ५ नोव्हेंबरला.

१२ तारखेला सकाळी एका पत्रिकेत आप्तेष्टांची नावं घालत होते, तेवढ्यात पडद्याच्या उजव्या बाजूला वरपासून खालपर्यंत केसाएवढी बारीक हिरवी रेघ उमटली. आधी वाटलं धागा चिकटलाय, म्हणून फडक्याने पुसलं. दुपारपर्यंत एकीच्या दोन झाल्या. दुसऱ्या दिवसापासून मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला लागलं, दिवसातून चार-पाच वेळा. कुठे आपटलेलं नाही, पाणी सांडलेलं नाही. टेबलावरून हललेलंही नाही.

दुकानात फोन केला तर म्हणाले, "सात दिवसांत आला असता तर बदलून दिला असता. आता कंपनीकडे जा, आमचा संबंध नाही." बिलावर सात दिवसांचं काही लिहिलेलंच नाही. खाली फक्त दोन ओळी छापल्यात : विकलेला माल परत घेतला जाणार नाही, आणि सर्व वाद पुणे न्यायालयाच्या अधीन.

१५ तारखेला सोलापूरच्या सर्व्हिस सेंटरला गेले. एसटीने सत्तर किलोमीटर, मांडीवर लॅपटॉप. तिथल्या मुलाने दोन मिनिटं पाहिलं, एक छापील इंग्रजी कागद भरला आणि सही करा म्हणाला. मी वाचला. एका ओळीत पेनाने लिहिलं होतं, 'एक्स्टर्नल प्रेशर'. म्हणजे काय विचारलं तर म्हणाला, "ते तसंच लिहायचं असतं, काही होत नाही." मी सही केली नाही. लॅपटॉप उचलला आणि परत आले. मी बरोबर केलं की काम बिघडवून ठेवलं, हेच कळत नाहीये.

तुळशीचं लग्न लागलं की पत्रिकांची गर्दी सुरू होते. माझं वर्षाचं निम्मं उत्पन्न त्या चार महिन्यांत येतं. एका ओळखीच्या गृहस्थांनी सांगितलं की मशीन धंद्यासाठी घेतलंय, तेव्हा तुम्ही 'ग्राहक' ठरतच नाही. हे खरं आहे का? आणि खरंच पुण्याला खेटे घालावे लागतील का?

---

अनुप_ठाणे | २४ ऑक्टोबर

पहिलाच हप्ता भरू नका. बँकेला सांगून ऑटो डेबिट बंद करा. पैसे अडकले की दुकानदार आणि कंपनी दोघंही धावत येतात.

---

दुकानवाला, लातूर | २४ ऑक्टोबर

ताई, मी अठरा वर्षं इलेक्ट्रॉनिक्सच्या व्यवसायात आहे. आमच्या बाजूने हे कसं चालतं ते सांगतो, म्हणजे त्या दुकानाशी नेमकं काय बोलायचं ते तुम्हाला कळेल.

नवीन माल सदोष निघाला तर सर्व्हिस सेंटर तपासून एक पत्र देतं. आमच्या भाषेत त्याला डीओए म्हणतात. ते पत्र मिळालं की आम्ही पीस डिस्ट्रिब्यूटरकडे परत पाठवतो, आम्हाला क्रेडिट नोट मिळते आणि गिऱ्हाईकाला नवीन पीस देता येतो. त्याची मुदत कंपनीगणिक वेगळी असते. दुकानदाराने सांगितलेले सात दिवस बहुधा तेच असतील. पण ती मुदत कंपनी आणि दुकानदार यांच्यातली. तुम्ही त्या कागदावर सही केलेली नाही आणि ती तुमच्या बिलावरही नाही. मुदत उलटली तरी दुकानदाराने कंपनीच्या एरिया मॅनेजरला मेल टाकला तर अपवाद म्हणून मंजुरी मिळते. मी स्वतः अशी कित्येक वेळा मिळवली आहे. त्यासाठी पाठपुरावा करावा लागतो, आणि मोठ्या दुकानात तो करायला कोणी मोकळा नसतो.

खोकं, आतले थर्माकोल, चार्जर, वॉरंटी कार्ड, सगळं जपून ठेवा. खोक्यावरचा सिरियल नंबर आणि लॅपटॉपच्या तळाचा नंबर दोन्ही एकाच फोटोत येतील असा फोटो काढा. आमच्याकडे निम्मी प्रकरणं खोकं रद्दीत गेल्यामुळे अडतात.

---

निवृत्त पोस्टमास्तर | २५ ऑक्टोबर

ताई, सही केली नाहीत हे तुम्ही फार चांगलं केलंत. तुमच्या जागी मी होतो तेव्हा मी सही केली होती, आणि ती मला सोळा महिने नडली. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

२०२२ च्या दिवाळीच्या पाडव्याला मी ४३ इंची टीव्ही घेतला. ३१,९९० रुपये. माझी आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती, तिला पडल्या पडल्या कीर्तन पाहता यावं म्हणून. नवव्या दिवशी पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात काळा डाग दिसला आणि तो शाईसारखा पसरत गेला. कंपनीचा माणूस घरी आला. स्वभावाने चांगला होता, चहाही घेतला. जाताना त्याने मोबाईल पुढे केला, "काका, इथे बोटाने सही करा, आणि तुमच्या फोनवर चार आकडे आलेत ते सांगा, म्हणजे पार्टची ऑर्डर पडते." मी सही केली, आकडे सांगितले. त्या चार आकड्यांनी माझी तक्रार 'निराकरण झाले' म्हणून बंद झाली, आणि ज्या नोंदीवर मी बोट फिरवलं तिच्यात लिहिलं होतं की पडद्याला बाहेरून मार लागला आहे. चौतीस वर्षं मी लोकांना सांगत आलो, पोच पावतीवर सही करण्याआधी पाकीट बघून घ्या. घरच्या टीव्हीच्या वेळी मीच ते केलं नाही.

आता तुमचं.

पहिली गोष्ट, तुम्ही ग्राहक आहात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ (तो जुलै २०२० पासून लागू आहे) व्यापारी कारणासाठी घेतलेला माल वगळतो हे खरं. पण त्याच व्याख्येखाली खुलासा आहे : स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी जो माल घेऊन स्वतः वापरतो, त्याची खरेदी व्यापारी समजायची नाही. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये हाच खुलासा समजावून सांगितला, आणि त्यात उदाहरण कशाचं घेतलं असेल? दुसऱ्यांचं टायपिंग करून देण्यासाठी घेतलेल्या टाइपरायटरचं. हाताखाली एखाद-दोन माणसं मदतीला असली तरी बिघडत नाही, असंही त्या निकालात आहे. तक्रारीत एक वाक्य मात्र स्पष्ट घाला : 'सदर लॅपटॉप मी स्वतः चालवते व त्यावर माझा उदरनिर्वाह आहे.' हे वाक्य राहून गेलं की समोरचा वकील पहिला हल्ला तिथेच करतो.

दुसरं, पुणे. नव्या कायद्याच्या कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार चालते. तुमच्यासाठी सोलापूर. बिलावर छापलेल्या एका ओळीने कायद्याने दिलेला हा हक्क जात नाही.

तिसरं, 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही कायद्याच्या व्याख्येतच अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, दिलेली नसेल तर तीस दिवसांत. तुमच्या बिलावर मुदत नाही. खरेदीपासून आज चोविसावा दिवस आहे. म्हणून पत्र सोमवारी गेलंच पाहिजे.

पण एक गैरसमज मनात राहू देऊ नका. बिघाड झाला की नवीनच मिळेल असं कायदा सरसकट म्हणत नाही. आयोग दुरुस्ती करून द्या म्हणू शकतो, बदलून द्या म्हणू शकतो, किंमत परत करा म्हणू शकतो, वर नुकसानभरपाई देऊ शकतो. यातलं काय मिळेल हे तुम्ही काय सिद्ध करता त्यावर ठरतं, आणि दोष मुळातला आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तक्रारदाराची. गरज पडली तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवतो. ते नको असेल तर कागदच बोलके हवेत. रोज मशीन किती वाजता बंद पडलं ते वहीत लिहा. रेघेचा फोटो आणि बंद पडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा.

आता क्रम सांगतो. सोलापूरला परत जा. मशीन तपासून घ्यायला नकार द्यायचा नाही, नाहीतर तेच म्हणतील की ग्राहकाने दुरुस्तीची संधीच दिली नाही. पण जाण्याआधी तुमच्याकडचे लोकांचे आधार, सातबारे, जे काही त्यात असेल ते पेनड्राइव्हवर घ्या आणि मशीनमधून काढून टाका. ती दुसऱ्यांची कागदपत्रं आहेत. जॉबशीटवर, म्हणजे ते भरतात त्या छापील कागदावर, त्यांनी 'प्रेशर' (बाहेरून दाब पडला) लिहिलं तर त्याच ओळीखाली मराठीत लिहा : 'वरील शेरा मला मान्य नाही. बाहेरून कोणतीही इजा झालेली नाही. पडद्यावर तडा किंवा ओरखडा नाही.' मग सही, तारीख, वेळ. कागदाचा फोटो तिथेच काढा. आणि फोनवर आलेले आकडे मशीन दुरुस्त होऊन हातात येईपर्यंत कुणालाही सांगू नका.

त्याच दिवशी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला आणि दुकानाला ईमेल करा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर लावा, मराठीत बोलता येतं. ते डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा नोंद क्रमांक, देतात आणि तक्रार कंपनीकडे पाठवतात. त्यांना आदेश देण्याचा अधिकार नाही, पण बरीच प्रकरणं तिथेच मिटतात, आणि नाही मिटलं तर तो क्रमांक तुमच्या तक्रारीला जोडता येतो.

सोमवारच्या पत्रात दुकान आणि कंपनी दोघांना पंधरा दिवसांची मुदत द्या. रजिस्टर पोस्ट १ सप्टेंबरपासून स्पीड पोस्टात विलीन झालंय, तेव्हा काउंटरवर स्पीड पोस्ट सांगा आणि पोच झाल्याचा पुरावा हवा म्हणून आवर्जून सांगा. पावतीवरची शाई उडते, तिची झेरॉक्स त्याच दिवशी काढा.

एवढ्याने नाही मिटलं तर जिल्हा आयोग. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. मी तक्रार मराठीतच लिहिली होती. आता ई-जागृती पोर्टलवर घरबसल्याही दाखल करता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. दुकान आणि कंपनी दोघांना विरुद्ध पक्ष करा. पैसे दुकानाने घेतलेत आणि वॉरंटी कंपनीने दिलीय, एकालाच केलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

कायद्यात निकालाला तीन महिने दिलेत, तपासणी लागली तर पाच. मला सोळा लागले. कंपनीच्या लेखी कैफियतीत पहिल्याच परिच्छेदात माझी ती बोटाची सही होती. नातवाने खोकं उघडताना काढलेले फोटो आणि कंपनीच्याच दुसऱ्या माणसाने लिहिलेली 'पॅनेल (पडदा) सदोष' ही जॉबशीट, या दोनांवर मी तरलो. किंमत ९ टक्के व्याजाने परत, त्रासाबद्दल ५,००० आणि खर्चाचे ३,०००. पैसे मुदतीत आलेच नाहीत, दरखास्त, म्हणजे आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज, टाकावी लागली. आदेश न पाळणाऱ्याला एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, त्याची नोटीस गेल्यावर आठ दिवसांत रक्कम जमा झाली. आई त्याआधीच गेली होती.

अनुप, तुमचा सल्ला मला पटत नाही. हप्ता फायनान्स कंपनीला जातो, आणि कर्जाचा करार वेगळा आहे. हप्ता चुकला तर दंड ताईंना पडेल आणि सिबिल त्यांचं खराब होईल. दुकानाला त्याची झळ लागत नाही, त्याला त्याचे पैसे पहिल्याच दिवशी मिळालेत.

---

अनुप_ठाणे | २५ ऑक्टोबर

बरोबर आहे काका, हे मला माहीत नव्हतं. ताई, हप्ता भरा.

---

बार्शीची टायपिस्ट | २६ ऑक्टोबर

काका, तुमचं उत्तर दोनदा वाचलं, नंतर मिस्टरांना मोठ्याने वाचून दाखवलं. "गेले ते पैसे, सोडून दे" असं म्हणत होते, तेच आता पत्राचा मसुदा लिहायला बसलेत. नणंदेची मुलगी मला मदतीला येते, तेवढ्यावरून मी व्यापारी ठरेन की काय अशी धाकधूक होती, तीही गेली.

एक विचारते. पत्रात नवीन लॅपटॉप मागू की पैसे?

---

निवृत्त पोस्टमास्तर | २६ ऑक्टोबर

दोन्ही लिहा, 'बदलून नवीन द्यावा, अथवा संपूर्ण किंमत परत करावी.' बदलून मिळाला तर वॉरंटी नव्या तारखेपासून धरतील का, हे लेखी घ्या. बऱ्याच कंपन्या जुनीच उरलेली वॉरंटी पुढे चालवतात. आणि तुमचं जे काम बुडतंय त्याचा हिशोब आतापासून ठेवा, परत गेलेली ऑर्डर कुणाची, किती प्रतींची, किती रुपयांची.

---

दुकानवाला, लातूर | २६ ऑक्टोबर

पत्राच्या वर बिल नंबर आणि सिरियल नंबर ठळक घाला. मोठ्या दुकानात पत्र उघडणाऱ्याला त्याशिवाय तुमची नोंद सापडत नाही आणि कागद तसाच पडून राहतो.

---

बार्शीची टायपिस्ट | ११ डिसेंबर २०२५

उशिरा लिहितेय, कामाच्या गडबडीत होते. झालं ते सगळं सांगते, पुढच्या कुणाला उपयोगी पडेल.

२७ ऑक्टोबरला दोन्ही पत्रं टाकली आणि त्याच दिवशी सोलापूर गाठलं. तोच मुलगा, तोच शेरा. मी त्याखाली काकांची तीन वाक्यं लिहिली. तो म्हणाला, इथे ग्राहकाने लिहायचं नसतं. मी म्हटलं, मग मशीन घेत नाही असं लेखी द्या. तो आत जाऊन मोठ्या साहेबांना घेऊन आला. त्यांनी भिंग लावून पडदा पाहिला, कडा दाबून पाहिल्या, आणि 'प्रेशर' शब्द आडवी रेघ मारून खोडला, बाजूला स्वतःची सही केली. त्या खोडलेल्या शब्दाचा फोटो माझ्याकडे आहे.

पॅनेल बदललं, ५ नोव्हेंबरला मशीन मिळालं. रेघ गेली, पण बंद पडणं तसंच. वहीत सहा दिवसांत एकवीस नोंदी झाल्या. एकदा चारशे पत्रिकांचा मजकूर जतन करण्याआधी गेला, रात्री दोनपर्यंत जागून परत टाइप केला. दुसरी जॉबशीट ११ तारखेला झाली, तिच्यात 'मदरबोर्ड' लिहिलं गेलं. दोन्ही जॉबशीट आणि वहीची पानं १९१५ च्या डॉकेट क्रमांकासह कंपनीला पाठवली. त्यानंतर पुण्याच्या दुकानातून पहिल्यांदा स्वतःहून फोन आला. बोलणारा माणूस दुसराच होता आणि नीट बोलत होता.

नवीन पीस त्याच मॉडेलचा नव्हता. कमी मेमरीचा देऊ करत होते, मी नको म्हटलं. शेवटी किंमत परत द्यायचं ठरलं. तोवर माझे दोन हप्ते गेले होते. त्यांनी एक मसुदा पाठवला : 'मला पूर्ण रक्कम मिळाली असून माझी कोणतीही तक्रार उरलेली नाही.' खाली सहीची जागा. आधी सही पाठवा, मग पैसे सोडतो, असं सांगत होते. काकांना खासगी निरोप टाकला, त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं : 'रक्कम आधी, सही नंतर, आणि कर्ज मिटल्याचं पत्र वेगळं मागा.' मी तेच ईमेलने कळवलं. चार दिवस काही आलं नाही. ते चार दिवस मला फार जड गेले.

परवा ९ तारखेला २४,००० फायनान्स कंपनीकडे भरून कर्ज बंद झालं आणि काल माझ्या खात्यात २२,५०० आले : रोख भरलेले १६,५०० आणि दोन हप्त्यांचे ६,०००. कर्ज मिटल्याचं पत्र आज सकाळी ईमेलवर आलं. ते वाचलं, सिरियल नंबर आणि रक्कम ताडून पाहिली, मग मसुद्यावर सही केली. सहीखाली तारीख आणि वेळ घातली, दुपारी १२ वाजून १० मिनिटं.

बुडालेल्या कामाचा हिशोब ७,८०० रुपयांचा झाला होता, तो मी सोडून दिला. सीझन चालू आहे, सोलापूरला तारखांना जाणं आत्ता जमलं नसतं. त्याची रुखरुख आहे. भाच्याचा जुना लॅपटॉप सध्या वापरतेय, की-बोर्डवरचा 'र' जोरात दाबावा लागतो.

---

निवृत्त पोस्टमास्तर | ११ डिसेंबर

ताई, वाचून फार बरं वाटलं. महिन्याभरानं सिबिलचा अहवाल एकदा काढून बघा, कर्ज तिथे 'बंद' दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर आज आलेलं पत्र जोडून फायनान्स कंपनीला लिहा. आणि ती वही टाकू नका.